टेंभलीचं आधार, राईनपाड्याची अफवा : दिल्लीतलं ‘डिजिटल’ खातं कसं बदलत गेलं?

१ जुलै २०१८. रविवारचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आणि व्हिडिओ त्या भागातल्या मोबाइलवर काही दिवसांपासून येत होते. बाजारात पाच अनोळखी माणसं दिसली. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली. जमावानं त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारहाण सुरू केली. पाचही जणांचा जीव गेला. त्याच रात्री शेजारच्या मालेगावातही याच संशयावरून जमाव जमला होता. तिथे मात्र लहान मुलासह पाच जणांना वाचवण्यात यश आलं.

योगायोग असा, की त्याच दिवशी केंद्र सरकारच्या ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रमाला तीन वर्षं पूर्ण झाली होती. १ जुलै २०१५ ला तो सुरू झाला होता.

दोन दिवसांनी, ३ जुलैला, दिल्लीतून व्हॉट्सअ‍ॅपच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना कडक शब्दांत नाराजी कळवण्यात आली. अशा अफवा रोखण्यासाठी तातडीनं तांत्रिक उपाय करा, कंपनी जबाबदारी झटकू शकत नाही, असा त्याचा आशय होता. हे कळवणारं खातं गृह मंत्रालय नव्हतं, माहिती व प्रसारण मंत्रालयही नव्हतं. ते होतं इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय. बोलीभाषेत आयटी मंत्रालय.

ट्रान्झिस्टर आणि टीव्हीचे सुटे भाग देशात बनावेत म्हणून जन्माला आलेलं हे खातं व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डपर्यंत कसं पोहोचलं? या प्रवासातले दोन मोठे टप्पे खान्देशातच आहेत, म्हणून ही गोष्ट इथूनच समजून घेणं सोपं जातं.

सुरुवात कारखान्यांपासून

१९६२ च्या चीन युद्धानंतर इलेक्ट्रॉनिक्ससाठी परदेशावर किती अवलंबून राहायचं, हा प्रश्न सरकारपुढे आला. होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर काही वर्षांनी, १९७० मध्ये, केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स विभाग स्थापन झाला. पुढच्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला. तेव्हा सगळा विचार उत्पादनाचा होता. कोणता भाग कुठे बनवायचा, कोणाला परवाना द्यायचा, काय आयात करू द्यायचं. सामान्य माणसाचा या विभागाशी संबंध येण्याचं काही कारणच नव्हतं.

तो संबंध जुळवला १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं. सरकारी कामासाठी संगणक वापरायचा, हे या संस्थेचं काम. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एनआयसीनं उपग्रहाच्या मदतीनं जिल्ह्यांची मुख्यालयं जोडायला घेतली. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातही एनआयसीची शाखा आहे. निवडणुकीच्या निकालाची आकडेवारी, जिल्ह्याची वेबसाइट, व्हिडिओ कॉन्फरन्स या गोष्टी तिथून चालतात. दिल्लीतल्या या मंत्रालयाचं जिल्ह्यात दिसणारं ठिकाण बहुतेकदा हेच.

पुण्यात १९८८ साली सुरू झालेली सी-डॅक हीसुद्धा याच खात्याची. १९९१ चा ‘परम ८०००’ महासंगणक तिच्या नावावर सांगितला जातो. पण मराठी माणसाच्या रोजच्या जगण्यात तिचं दुसरं काम जास्त आलं. संगणकावर देवनागरी दिसावी आणि टाइप व्हावी, यासाठी तिथे झालेल्या कामावर वर्तमानपत्रांची आणि सरकारी कार्यालयांची एक अख्खी पिढी चालली.

‘आयटी मंत्री’ हा शब्द कधी आला?

ऑक्टोबर १९९९ मध्ये वाजपेयी सरकारनं माहिती तंत्रज्ञानाचं वेगळं मंत्रालय केलं. या खात्याची ओळख ज्यांच्यामुळे घराघरात झाली ते मराठी नेते होते, अंबाजोगाईचे प्रमोद महाजन. सायबर कॅफे, वाय-टू-के, अमेरिकेला जाणारे इंजिनिअर यांचा तो काळ होता.

त्यांच्या काळातच माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आला. १७ ऑक्टोबर २००० पासून तो लागू झाला. डिजिटल सही कायदेशीर ठरली, ऑनलाइन व्यवहाराला मान्यता मिळाली, हॅकिंग गुन्हा झाला. आज महाभूलेखवरून डिजिटल सहीचा सातबारा काढला की तलाठ्याच्या शिक्क्याची गरज उरत नाही, त्याचं मूळ या कायद्यात आहे.

२००१ च्या अखेरीस हे मंत्रालय दूरसंचार आणि टपालाच्या खात्यात विलीन झालं आणि पुढची जवळपास पंधरा वर्षं ‘दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञान’ असं जोडनाव राहिलं. विभागाच्या पाट्या बदलत गेल्या. २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स हा शब्द परत नावात आला. जुलै २०१६ मध्ये पुन्हा स्वतंत्र मंत्रालय झालं, तेच आजचं.

राज्यात काय चाललं होतं? महाराष्ट्रानं १९९८ मध्येच आयटी धोरण आणलं होतं. २००१ मध्ये एमकेसीएल आली आणि तिच्याबरोबर एमएस-सीआयटी. चाळीसगाव, पाचोरा, शिरपूर, दोंडाईचा अशा गावांत बसस्टँडजवळ एखादा तरी एमएस-सीआयटीचा फलक दिसायचाच. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायचं, त्यामुळे अनेकांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो तिथेच. याच सुमारास तहसील कचेरीत सेतू केंद्रं आली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर. जून महिन्यात तिथे लागणारी रांग पुढे ‘आपले सरकार’ पोर्टलमुळे काही प्रमाणात हलली. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्कही झाला. रांग पूर्ण गेली असं कोणी म्हणणार नाही. सर्व्हर डाउन असला की ती पुन्हा तिथेच उभी राहते.

टेंभली, २९ सप्टेंबर २०१०

टेंभली हे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं आदिवासी वस्तीचं गाव. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, म्हणजे बारा वर्षांपूर्वीपर्यंत टेंभली धुळे जिल्ह्यातच होतं. २९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक तिथल्या दहा जणांना दिले गेले. पहिला क्रमांक मिळाला रंजना सोनवणे यांना. नंतर अनेक वर्षं पत्रकार त्यांच्या घरी जात राहिले. हाताला कायमचं काम नाही, क्रमांक मिळाल्यानं परिस्थिती फार बदलली नाही, असं त्या सांगत राहिल्या.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तेव्हा आधारचा आयटी मंत्रालयाशी थेट संबंध नव्हता. आधार देणारं प्राधिकरण २००९ मध्ये नियोजन आयोगाखाली स्थापन झालं होतं आणि त्याला संसदेच्या कायद्याचा आधारही नव्हता. नियोजन आयोग बंद झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये प्राधिकरण आयटी खात्याकडे आलं. २०१६ मध्ये आधार कायदा झाला. टेंभलीतल्या त्या कार्यक्रमानंतर सहा वर्षांनी.

या एका हस्तांतरानं खात्याचं स्वरूप बदललं. आधी ते संगणक आणि सॉफ्टवेअर पाहत होतं. आता देशातल्या जवळपास प्रत्येक माणसाच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळाची नोंद ठेवणारी यंत्रणा त्याच्या अखत्यारीत आली. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा उमटला नाही, तर प्रश्न पुरवठा विभागाचा की आयटी मंत्रालयाखालच्या प्राधिकरणाचा? कष्टाच्या कामानं रेषा पुसलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगण्यात काही अर्थ नसतो. त्याला धान्य हवं असतं.

सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २६ सप्टेंबर २०१८ ला आधार वैध ठरवलं, पण बँक खातं आणि मोबाइल नंबरशी त्याची सक्तीची जोडणी रद्द केली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याच कायद्यानं माहिती अधिकार कायद्यातलं एक कलमही बदललं. एखाद्या व्यक्तीची माहिती मागताना सार्वजनिक हिताचा मुद्दा मांडायला त्या कलमातच जी वाट होती, ती काढली गेली. ज्या राज्यात माहिती अधिकारासाठी उपोषणं झाली, तिथे या बदलाची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

बोलण्यावर कायदा

आयटी कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ६६-अ घालण्यात आलं. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ काही लिहिलं तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर फेसबुक पोस्ट टाकणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि ती लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. देशभर गदारोळ झाला. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

त्याच निकालानं दुसरी गोष्टही स्पष्ट केली. कोणी काही पोस्ट केलं तर कंपनी लगेच दोषी ठरत नाही. न्यायालयाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश मिळूनही मजकूर काढला नाही, तरच तिच्यावर जबाबदारी येते. राईनपाड्यानंतर आयटी मंत्रालयाला अडचण आली ती इथेच.

राईनपाड्यानंतर फोनमध्ये काय बदललं?

राईनपाडा एकटं नव्हतं. त्या उन्हाळ्यात तमिळनाडू, तेलंगणा, आसाम, त्रिपुरा अशा अनेक ठिकाणी याच अफवेनं बळी घेतले होते. त्रिपुरात तर अफवांवर विश्वास ठेवू नका, असं सांगत फिरण्यासाठी सरकारनं नेमलेल्या माणसालाच जमावानं मारलं. देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक मूळचा पाकिस्तानातला, कराचीतल्या संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. तिचा शेवट कापून तो पुढे पाठवला जात होता.

मंत्रालयाच्या नाराजीनंतर आठवडाभरात, १० जुलैला, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फॉरवर्डेड’ हा शब्द दिसू लागला. १९ जुलैला मंत्रालयानं दुसऱ्यांदा लिहिलं. त्याच सुमारास कंपनीनं भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या अफवांच्या काळात, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं गेलं. ब्राझीलमध्ये किंवा नायजेरियात कोणी मेसेज फॉरवर्ड करताना अडतो, तेव्हा त्या अडवण्यामागे राईनपाड्याचा आणि त्या उन्हाळ्यातल्या इतर गावांचा इतिहास असतो.

मंत्रालयाला मात्र याहून जास्त हवं होतं. मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला, ते शोधता यायला हवं. डिसेंबर २०१८ मध्ये नियमांचा मसुदा आला आणि २५ फेब्रुवारी २०२१ ला नवे आयटी नियम जाहीर झाले. ५० लाखांपेक्षा जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीनं न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास ‘पहिला प्रेषक’ ओळखून द्यावा, अशी त्यात अट आहे. व्हॉट्सअ‍ॅप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून तो कोणीच, कंपनीसुद्धा, वाचू शकत नाही. या कुलुपालाच एन्क्रिप्शन म्हणतात. एक प्रेषक शोधायचा तर सगळ्यांच्याच मेसेजचा माग ठेवावा लागेल, असं कंपनीचं म्हणणं. एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर भारतातून जावं लागेल, इथपर्यंत कंपनीच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितलं.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण राईनपाड्याच्या बाबतीत ‘पहिला प्रेषक’ सापडून काय हाती लागलं असतं, हा प्रश्न उरतोच. त्या कराचीच्या व्हिडिओची मूळ जाहिरात करणारी संस्था वेगळी. तो कापून पाठवणारा वेगळा, मराठीत मजकूर लावणारा वेगळा, आणि पोरांच्या काळजीनं ग्रुपवर टाकणारी माणसं तर शेकडो. शिवाय बाजारात काठी उचलणाऱ्या प्रत्येकानं मेसेज वाचलेलाच होता असंही नाही. अफवा फोनवरून आली आणि तोंडी पसरली. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींबाबत निर्देश दिले. त्यात प्रत्येक जिल्ह्यात नोडल पोलीस अधिकारी नेमावा, अफवांची माहिती आधीच गोळा करावी, असं होतं. ही कामं आयटी मंत्रालयाची नाहीत, राज्याच्या पोलिसांची आहेत.

‘माहिती’ कोणाची?

नावात ‘माहिती’ असलेलं दुसरं जुनं खातं म्हणजे माहिती व प्रसारण. ते १९४१ पासूनचं, इंग्रजांच्या काळातलं. आकाशवाणी, चित्रपट, वर्तमानपत्रं हे त्याचं क्षेत्र. जळगावचं आकाशवाणी केंद्र ज्या प्रसार भारतीचं, ती याच मंत्रालयाशी जोडलेली. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑनलाइन बातम्या आणि ओटीटीही त्याच्याकडे देण्यात आले. म्हणजे धुळ्यातल्या एखाद्यानं यूट्यूबवर अहिराणी गाणं टाकलं तर त्या प्लॅटफॉर्मचे नियम आयटी मंत्रालयाचे, आणि त्याच माणसानं बातम्यांचं चॅनल काढलं तर त्या मजकुराची आचारसंहिता माहिती व प्रसारणची. २०२१ च्या नियमांचेच असे दोन भाग आहेत.

आयटी मंत्रालयाचा हात किती लांब पोहोचतो, हे २९ जून २०२० ला दिसलं. गलवानच्या चकमकीनंतर कलम ६९-अ खाली टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी आली. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यांतही टिकटॉकवर लाखो फॉलोअर्स मिळवलेली माणसं होती. एका रात्रीत ते खातं गेलं आणि त्यावर मिळणारी ओळखही गेली. त्यातले काही यूट्यूबवर पुन्हा उभे राहिले, सगळे नाही.

२०२३ मध्ये सरकारनं आणखी एक पाऊल टाकलं. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची कोणती माहिती खोटी, हे सरकारचाच फॅक्ट चेक विभाग ठरवेल, अशी दुरुस्ती आयटी नियमांत केली. कुणाल कामरा आणि इतरांनी ती मुंबई उच्च न्यायालयात आव्हानित केली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींनी, अतुल चांदूरकर यांनी, ती घटनाबाह्य ठरवली आणि दुरुस्ती रद्द झाली.

मग तक्रार नेमकी कुठे?

समजा, रावेरचा एक केळी उत्पादक आहे. त्याच्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. ती तो ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी अ‍ॅपवर स्वतः करतो. अ‍ॅप मोबाइलमध्ये असलं तरी विषय महसूल खात्याचा, त्यामुळे चूक झाली तर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडेच जावं लागतं. फळपीक विम्याचा अर्ज अडला तर तालुका कृषी कार्यालय. शेतात रेंजच नसेल तर तो दूरसंचार विभागाचा प्रश्न. २०१६ मध्ये आयटीपासून दूरसंचार वेगळं झालं ते अजून वेगळंच आहे, आणि ग्रामपंचायतींना फायबरनं जोडणारी भारतनेट योजनाही त्यांचीच. आधारवर मोबाइल नंबर चुकीचा असल्यानं ओटीपी येत नसेल तर आधार केंद्र. इथे पहिल्यांदा तो आयटी मंत्रालयाच्या हद्दीत येतो.

त्याच्या खात्यातून फसवून पैसे काढले गेले तर १९३० हा नंबर, जो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा आहे. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे मध्येच गोठवले जाण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी फोन आणि मग जवळचं पोलीस ठाणं. त्याच्या बदनामीचा व्हिडिओ फेसबुकवर फिरत असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. २०२१ च्या नियमांनुसार त्यानं २४ तासांत पोच द्यायची आणि साधारणपणे ७ दिवसांत निकाली काढायची. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. ही समिती २०२३ पासून काम करते, फी नाही, दिल्लीला जावं लागत नाही, आणि ती आयटी मंत्रालयाची आहे.

राज्यातही खाती वेगळीच आहेत. माहिती तंत्रज्ञान विभागाला डिसेंबर २०२४ पासून आशिष शेलार हे मंत्री आहेत. सरकारी बातम्या देणारं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय हे त्याहून निराळं. जळगाव आणि धुळ्यात त्याची जिल्हा माहिती कार्यालयं आहेत. एखादा सरकारी योजनेचा मेसेज खरा की खोटा, हे विचारायला ही कार्यालयं गावातल्या माणसाला दिल्लीपेक्षा कितीतरी जवळ आहेत.